बाई कुठे उभी आहे?

काळ्या चिकटपट्टीचा तो गोळा अंगठ्याएवढा होता आणि इतक्या वर्षांची धूळ त्याच्यावर अशी बसली होती, की तारेला जोड नसून आवाळूच आलं आहे असं वाटावं. तो स्वतः पुस्तकांच्या कपाटामागे पालथा पडला होता – तोंडात छोटी बॅटरी, एक गाल गार फरशीला टेकलेला – आणि नखानं पट्टीचं टोक शोधत होता. सापडलं. पट्टी एकेक वेढा सुटत आली, शेवटचा वेढा तुटूनच हातात आला, आणि आत हिरवं पडलेलं तांबं दिसलं. हे अपेक्षितच होतं. डावा स्पीकर काही दिवसांपासून मधूनच खरखरत होता, मधूनच मुका होत होता. तार कुठंतरी सडली आहे, दोन्ही केबल आता बदलायलाच हव्यात, हे त्यानं कालच ओळखलं होतं. जोड उलगडायचा, जुनी केबल ओढून काढायची आणि नवी आणायला निघायचं, एवढंच आजच्या सुट्टीचं काम. पण तो तसाच पडून राहिला. बॅटरीचा उजेड जोडावरून हलेना.

चंदेरी तार रेघेच्या तारेला जोडलेली होती.

नाही... थांब. त्यानं बॅटरी हातात घेतली, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. अँप्लिफायरकडून येणाऱ्या मूळ केबलमध्ये दोन तारा – एक तांब्याच्या रंगाची, एक चंदेरी. या घरात आल्यावर डावा स्पीकर दाराच्या पलीकडे ठेवावा लागला, केबल हातभर अपुरी पडली, म्हणून त्यानं तिला दुसऱ्या केबलचा तुकडा जोडला होता. त्या तुकड्यातल्या दोन्ही तारा तांब्याच्याच, फक्त एकीच्या वेष्टणावर उठावाची बारीक रेघ. रेघ म्हणजे लाल खुंटीची तार, हा त्याचा नियम, आयुष्यभराचा. चंदेरी म्हणजे काळ्या खुंटीची, हाही त्याचाच. दोन्ही नियम पक्के होते, एकटे असताना कधी चुकले नव्हते, आणि त्या दिवशी त्यानं एका नियमाची तार दुसऱ्या नियमाच्या तारेला बांधून वर पट्टी गुंडाळली होती. म्हणजे अँप्लिफायरकडे जी तार काळ्या खुंटीला, तीच इकडे स्पीकरच्या लाल खुंटीला. डावा स्पीकर या घरात आल्या दिवसापासून उलटा लागलेला होता.

उलटा लागला म्हणून काही जळत नाही, आवाज बंद होत नाही, वाद्यं वाजतात. एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, एवढंच. फक्त गाणारं माणूस – जे दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, समोर उभं राहायला हवं – ते नाहीसं होतं. त्याचा आवाज खोलीभर पांगतो, भिंतींना चिकटतो, मागून आल्यासारखा वाटतो, कुठूनच आल्यासारखा वाटत नाही. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. इतरांच्या घरी जाऊन हे तोच समजावून सांगत आला होता, तारा सुलट करून देत आला होता, वर चहा पिऊन येत आला होता.

‘आवाज मधे नाही हो,’ बायको म्हणाली होती. ‘बाई कुठे उभी आहे तेच कळत नाही.’

घर लावायचं अजून निम्मं बाकी होतं तेव्हा. खोकी तशीच, पडदे नाहीत, आणि त्यानं सगळ्यात आधी गाणं जोडलं म्हणून ती लटकी रागावली होती. दोन स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, टेप लावून मोजून, त्यानं वेताची खुर्ची ठेवली होती आणि बायकोला हात धरून तिथं बसवलं होतं. ही मानाची खुर्ची, तो म्हणाला होता, ही तुझी. स्वतः तो खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसला – डाव्या स्पीकरच्या शेजारी, कारण वाचायचा दिवा तिथं होता – आणि पुढं कायम तिथंच बसला. डावा स्पीकर कानाशी घेऊन बसलेल्या माणसाला मधे काय आहे नि काय नाही, ते कळणार कुठून? पण हे आज. त्या दिवशी तो मोठ्यांदा हसला होता. याला फैलाव म्हणतात, त्यानं तिला शिकवलं होतं. स्वस्त यंत्रावर गाणारी बाई एका जागी खांबासारखी उभी असते, चांगल्या यंत्रावर ती खोली भरून राहते. आणि ती मान तिरकी करून पुन्हा पुन्हा ऐकत राहिली तेव्हा तो म्हणाला होता, नाचता येईना अंगण वाकडं.

आता पालथं पडून बघतो तर अंगणच वाकडं होतं, आणि ते सारवलं होतं त्यानंच.

स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला. भांडी घासून होत आली असावीत. त्यानं घाईघाईनं चिमट्यानं जोडाच्या दोन्ही बाजूंना तार तोडली आणि तो बोटभर तुकडा शर्टाच्या खिशात टाकला. का टाकला? ती येऊन बघेल आणि तिला कळेल, असं थोडंच होतं! चंदेरी आणि रेघ तिला काय कळणार... पण चोराच्या मनात चांदणं. कपाटामागून उठून त्यानं गुडघे झटकले, आणि ती दारात येऊन, जाताय का, असं म्हणाली तेव्हा खिशावर हात ठेवूनच, निघतोच, म्हणाला.

ती शाळेत गाणं शिकवायची. म्हणजे – शिकवायची. आता नाही शिकवत.

रस्त्यावर उन्हं चढली होती. दुकानांच्या फळ्या निघत होत्या, कुणी पायरी धूत होतं, कुणी कुलपाशी झटत होतं, आणि तो पदपथाच्या कडेनं चालताना खिशातल्या तुकड्याला बोटं लावत होता. तिच्या वर्गात मुलं ओळीनं उभी राहून एका सुरात गायची. त्या गलबल्यात ती डोळे मिटून उभी राहायची, मान किंचित डावीकडे कललेली, आणि मधेच हात वर करून म्हणायची, मागच्या रांगेत, खिडकीकडून दुसरा, तुझा सूर उतरला. आणि तो मुलगा तोच असायचा. पोरं म्हणायची, बाईंच्या पाठीला कान आहेत. स्नेहसंमेलनात त्यानं स्वतः पाहिलं होतं ते, आणि अभिमानानं त्याची मान ताठ झाली होती – खोटं कशाला बोला – अभिमानाबरोबर थोडं काहीतरी टोचलंही होतं. मंडळींमध्ये कानसेन तो होता. ती पदवी त्याची होती. शनिवारी गाणं ऐकायला येणारे मित्र त्याला त्याच नावानं हाक मारायचे, आणि एका घरात दोन कानसेन म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, असं तो विनोदानं म्हणायचाही.

विनोदानंच तर सगळं झालं. तो तिला कधी टाकून बोलला नाही, त्यानं आवाज चढवला नाही. शनिवारी कुणी तरी वहिनींना विचारायचं, काय, कसं वाटतं नवं यंत्र? ती म्हणायची, मला आपलं वाटतं बुवा, आवाज मागून येतो. की हा लगेच – अहो, दिवसभर शंभर पोरांचा कलकलाट, कान काय लोखंडाचे असतात? सगळे हसायचे. तीही हसायची. पहिल्या वर्षी ती भांडायची, दुसऱ्या वर्षी नुसतं, असेल, म्हणायची, आणि पुढं कधीतरी, कोणत्या दिवशी ते त्याला आठवत नव्हतं, ती स्वतःच आधी म्हणाली, मला नका विचारू हो, माझे कान गेलेत. लोक त्यालाही हसले होते.

मी काय मुद्दाम केलं? मला माहीत होतं का?

नव्हतं माहीत. पण तो नोकरी कशाची करत होता? वजनकाटे तपासायची. दुकानादुकानांतून फिरायचं, पेटीतली प्रमाण वजनं काढायची, काटा खरा की खोटा ते बघून शिक्का मारायचा. वाण्याची तक्रार ठरलेली असायची – साहेब, काटा बरोबर आहे, गिऱ्हाइकाच्याच मनात वहीम. आणि त्याचंही उत्तर ठरलेलं असायचं: आधी काटा बघू, मग गिऱ्हाईक. इतकी वर्षं हे वाक्य तो दारोदार म्हणत फिरला, आणि घरी येऊन त्यानं गिऱ्हाइकाला वेड्यात काढलं. कपाटामागं वाकून एकदा बघायचं होतं फक्त. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. आणि दिव्याला तो दिसत नाही हे खरं असलं, तरी त्यात अंधाराचा काय दोष?

कानांच्या डॉक्टरांकडे तोच तिला घेऊन गेला होता. हे आठवलं आणि तो चालता चालता थांबला. मागून येणारा माणूस त्याला चुकवून पुढं गेला. शाळेच्या संमेलनाआधीच्या तालमीत तिनं एका मुलीला चुकलीस म्हणून थांबवलं होतं, मुलगी रडली होती, चुकलो मीच, असं दुसऱ्यानं कबूल केलं होतं – आणि ती घरी येऊन दिवा न लावता बसली होती. चूक एवढीशी, कुणाचीही होते. पण तिची कधी झाली नव्हती. म्हणून डॉक्टर. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, कान उत्तम आहेत तुमचे, काळजी नको. ती वळली होती त्याच्याकडे. चेहरा असा उजळला होता... रिक्षात बसल्यावर तो म्हणाला होता, ऐकू येतं की नाही तेवढंच बघतात गं ते. कुठून येतं ते थोडंच बघतात?

पुढच्या महिन्यात तिनं गाण्याचा तास सोडून दिला. मोठ्या बाईंनी फार समजावलं. तर ती म्हणाली, ज्याला आवाज कुठून येतो ते कळत नाही, त्यानं दुसऱ्याचे सूर काय धरायचे? हे तिनं त्याला जेवताना सांगितलं, पाणी वाढता वाढता, आणि तो म्हणाला, बरं केलंस, दगदग वाचली.

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. बाहेर जुने रेडिओ, आत भिंतीला वेटोळी घालून टांगलेल्या केबल. दुकानदार जुना ओळखीचा, या कानसेन, म्हणून त्यानं स्टूल पुढं केलं. काय हवं ते ऐकून त्यानं तीन प्रकार काढून काचेवर ठेवले. एक साधी, दोन तांब्याच्या तारा आणि पातळ पारदर्शक वेष्टण. दुसरी जरा जाड, काळी. तिसरी मात्र मनगटाएवढी, वरून विणलेलं रेशमी कापड, टोकांना सोन्याचं पाणी दिलेल्या टोप्या, स्वतंत्र डबीत गादीवर निजवलेली. स्पीकर किती लांब, खोली केवढी, ते दुकानदारानं विचारलं आणि साधी पुढं सरकवली. एवढ्याशा अंतराला हीच पुष्कळ, बाकी सगळा दिखावा, तुम्हाला मी काय सांगायचं, असं म्हणून तो हसला.

त्यालाही ते ठाऊक होतं. मित्रांना त्यानं हेच सांगितलं असतं. पण त्याचा हात डबीकडे गेला, आणि जाताना आपला हात का जातो आहे ते त्याला लख्ख दिसलं. नवी केबल लागणार, या वेळी सुलट लागणार, ते काही टळत नाही. मग संध्याकाळी गाणारी बाई मधे येऊन उभी राहणार. आणि आपली बायको विचारणार, आज काय झालं? साधी तार लावली तर काय सांगशील, जशी होती तशीच दुसरी लावली? मग फरक कुठून आला? कपाटामागून काय काढलंस? तेच ही जाडजूड, कापड नेसलेली, टोप्या घातलेली केबल दाखवली, की कुणालाही पटेल. बघ, केबलमुळे! जुनी हलकी होती, ही भारी. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो केबल निवडायला आलाच नव्हता, सबब निवडायला आला होता, आणि सबब जितकी जाड तितकी बरी.

“हिनं फरक पडतो, असं पटेल ना?” त्यानं विचारलं.

“पटायला हवी, की ऐकायला?” दुकानदार म्हणाला. “ऐकायला ही साधी. पटायला ती.”

ती द्या, तो म्हणाला. दुकानदारानं खांदे उडवले आणि डबी बांधायला घेतली. बांधता बांधता त्याला आठवण झाली – त्याची धाकटी मुलगी बाईंच्या हाताखाली शिकली होती, आता ती तिकडे दूर नोकरीला, पण फोनवर अजून सांगते, की बाई डोळे मिटून ओळखायच्या कोण चुकलं ते. वर्गात कुणी मुद्दाम जागा बदलली तरी ओळखायच्या. मग सुतळीची गाठ मारत त्यानं सहज विचारलं, “आता का नाही घेत गाणं? मुलं फार नाव काढतात.”

इतकी सोपी वेळ होती. समोर परका माणूस, गाठ मारण्यात गुंतलेला, मनात ना राग ना लोभ. इथं बोलून बघायचं, जड जात नाही असं कळलं तर घरी बोलायचं...

“कानांचं जरा झालंय तिच्या,” तो म्हणाला.

वाक्य आपोआप आलं. वर्षानुवर्षं म्हणून गुळगुळीत झालेलं, जिभेवर तयारच असलेलं. दुकानदार, अरेरे, म्हणाला. आणि पुडकं बगलेत घेऊन पायऱ्या उतरताना त्याला दरदरून घाम फुटला. कारण आजवर जे झालं ते न कळून झालं होतं. त्याला निदान माफी तरी होती. हे आत्ताचं कळून झालं. सगळं दिसल्यावर, जोड खिशात असताना, त्यानं पुन्हा एकदा तिचे कान काढून घेतले होते – आणि तेही एका तिऱ्हाइतासमोर, काही कारण नसताना, केवळ सवयीनं.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपाशी तो थांबला. तुकडा खिशातून काढला. हिरवं पडलेलं तांबं, पट्टीचा चिकटा, त्याला खिशातले तंतू लागलेले. टाकून दिला की संपलं. कुणाला कळणार आहे? त्यानं हात पुढंही केला. पण मग वाटलं, इतकी वर्षं जी गोष्ट तिनं एकटीनं बरोबर ऐकली, तिचा हा एवढाच पुरावा जगात उरला आहे. तो तुकडा त्यानं परत खिशात ठेवला. त्यात मोठं काही केल्यासारखं वाटून घेऊ नये, हेही त्याला कळत होतं.

केबल लावायला वेळ लागला नाही. ती आत मशीनवर काहीतरी शिवत होती, तिचं थांबून थांबून चालणारं खडखड ऐकू येत होतं. लाल ते लाल, काळी ते काळी. बोटानं तार चाचपत, स्वतःशी पुटपुटत, त्यानं दोनदा तपासलं. वेताच्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. गाण्याचा तास सोडल्यापासून मानाच्या खुर्चीवर कपडेच असत. त्यानं ढीग उचलून मांडीवर घेतला आणि त्या खुर्चीवर बसला – टेपनं मोजलेल्या त्या जागी गाणं सुरू असताना बसायची त्याची बहुधा पहिलीच खेप – आणि या घरात पहिल्या दिवशी लावलेलं तेच गाणं लावलं.

आणि बाई आली.

दोन स्पीकरांच्या मधे, जिथं नुसती भिंत होती तिथं, माणसाच्या उंचीवर, तोंड त्याच्याकडे करून ती उभी राहिली. श्वास घेतलेला कळत होता. ओठ मिटलेले कळत होते. इतकी समोर, की न विचारता कुणाच्या खोलीत शिरल्यासारखं त्याला ओशाळं वाटलं आणि त्यानं मांडीवरचे कपडे उगीच जवळ ओढले. एवढंच तर मागत होती ती. पहिल्या दिवसापासून एवढंच म्हणत होती, की ही इथं नाही. आणि ती नव्हतीच! त्याचे डोळे भरून आले, आणि या भरून येण्यातही गाण्याचा आनंद किती आणि लाज किती, हे त्याला वेगळं करता येईना.

त्यानं हाक मारली.

ती दोरा दातानं तोडत आली. ये, बस, त्यानं खुर्ची रिकामी केली. ती कपड्यांचा ढीग त्याच्या हातातून घेऊन बसली, जशी दवाखान्यात बसावी तशी, पाठ ताठ, नजर खाली. नवी केबल दिसली तेव्हा, केवढी ही, नागासारखी, म्हणाली. त्यानं गाणं पहिल्यापासून लावलं. तिला दिसू नये म्हणून खिशावर हात ठेवला. सबब जिभेवर तयार होती – जुनी हलकी होती गं, ही भारी – फक्त तिनं विचारायची खोटी होती.

बाई गात होती. बायको ऐकत होती. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

“कसं वाटतंय?”

“छान आहे.”

“छान म्हणजे... बाई कुठे उभी आहे?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कुरकुर नव्हती, टोमणा नव्हता. परीक्षेत न येणारा प्रश्न आल्यावर हुशार नसलेलं मूल बघतं, तसं काहीतरी होतं.

“तुम्ही सांगा ना,” ती म्हणाली. “कुठे आहे?”

“मधे. मधे आहे ना आता?”

“हो का? मग मधेच असेल.” आणि तिनं ढिगातला एक टॉवेल ओढून घडी घालायला घेतली. “मी इथंच बसून घड्या घालू का? की तुम्हाला बसायचंय?”

बस, बस, तो म्हणाला. सबब जिभेवर तशीच राहिली. ती कुणी विचारलीच नव्हती. भारी केबल, सोन्याच्या टोप्या, रेशमी कापड – सगळं मुसळ केरात. त्याला वाटलं होतं तिचे कान आपण बिनवापराचे करून ठेवले, वापरायला घेतले की पुन्हा चालतील; तारा सुलट केल्या की झालं. पण तारा कपाटामागं होत्या त्या सुलट झाल्या. तिच्यात जो जोड त्यानं विनोदानं, हसत हसत, एकेक वेढा देत बांधला होता, तो कुठून उलगडायचा? बाई तिच्या पुढ्यात चार पावलांवर उभी राहून गात होती, आणि ती कुठे आहे हे तिला नवऱ्यानं सांगायला हवं होतं.

सांगून टाक. आत्ता. खिशातून काढ आणि तिच्या तळहातावर ठेव. म्हण, हे बघ, तुझं बरोबर होतं...

आणि ती म्हणेल, तुम्ही म्हणता तर असेल.

हे त्याच्या ध्यानात आलं. सोनारानंच कान टोचावे म्हणतात. इथं सोनारच खोटा निघाला होता. आता त्यानं, तुझे कान चांगले आहेत, असं हजारदा सांगितलं, तरी ते त्याचंच सांगणं. तिचे कान चांगले असण्याचंही प्रमाणपत्र पुन्हा त्याच्याच शिक्क्याचं.

गाणं संपलं. “थांब हं, एक बघायचंय,” म्हणून तो अँप्लिफायरच्या मागं गेला, वाकला. डाव्या केबलच्या टोप्या त्यानं काढल्या आणि लालची काळ्याला, काळ्याची लालला लावली. मघाशी दोनदा तपासून सुलट केलेलं त्यानं आपल्या हातानं, जाणूनबुजून उलटं केलं, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावून आरामखुर्चीत न जाता तिथंच उभा राहिला.

बाई विरघळली. समोरची जागा रिकामी झाली आणि आवाज खोलीभर पांगला, भिंतींना लागला, पाठीमागून येऊ लागला. बाजूला उभं राहूनही आता त्याला ते ढळढळीत कळत होतं. याला आपण फैलाव म्हणत होतो! सकाळपासून त्याला धास्ती होती ती तिला कळेल याची. आता धास्ती होती ती तिला कळणार नाही याची. बोल, तो मनात म्हणत होता. म्हण, आवाज मधे नाही हो. एकदा म्हण. मी हसणार नाही, कुणाला हसू देणार नाही... मी काही सांगणार नाही आधी, तू सांग, मग मी सगळं सांगतो, तू विचारशील ते, न विचारशील तेही...

तिच्या हातातली उशीची खोळ अर्ध्या घडीवर थांबली. कपाळावर बारीक आठी उमटली. मान किंचित डावीकडे कलली, अगदी किंचित, मुलांच्या रांगांसमोर कलायची तशी – आणि तिनं वर पाहिलं.

स्पीकरांकडे नाही, त्याच्याकडे. तो काय म्हणतो ते बघायला.

तो काहीच म्हणाला नाही. खिशातला तुकडा मुठीत आवळून, चेहऱ्यावरची एकही रेघ हलू न देता, तो तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला.